फिकट भिंतींची कैफियत

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर असो, पुण्याच्या बाणेर-बावधनकडे असो किंवा नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर असो, अलीकडे उभ्या राहिलेल्या कोणत्याही गृहसंकुलात जाऊन एकाच मजल्यावरील चार बिऱ्हाडांची दारे एकामागून एक ठोठावली, तर आत राहणारी माणसे चार गावांची, चार व्यवसायांची आणि चार स्वभावांची असूनही त्यांचे दिवाणखाने मात्र एकाच परिपत्रकाबरहुकूम सजवल्यासारखे दिसतात. भिंती सायीच्या नाहीतर राखेच्या रंगाच्या. सोफा त्याहून एक छटा गडद. टीव्हीच्या मागे लाकडाचा आव आणणारे सनमायक्याचे पॅनेल. वर फॉल्स सीलिंग आणि त्यात बसवलेले पांढरेफटक दिवे. याच घरांतील कपाटे उघडून पाहावीत, तर आत मोरपंखी, डाळिंबी, गुलबक्षी, अंजिरी, चिंतामणी अशा रंगांची दाटी झालेली असते. लग्नाच्या बस्त्याला बसल्यावर दुकानदाराला गठ्ठ्यामागून गठ्ठे सोडायला लावून दहा जांभळ्यांतून आपल्याला हवा तोच जांभळा हुडकून काढण्याचे कसब ज्या कुटुंबात पिढ्यान् पिढ्या चालत आलेले आहे, तेच कुटुंब रंगाऱ्यासमोर उभे राहिले की एकाएकी धीर सोडते आणि "काहीतरी लाइट दाखवा" एवढेच पुटपुटते, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. शहरातील सदनिकेच्या भिंतीला ठळक रंग देणे आणि त्या भिंतीपाशी निरनिराळ्या काळांतले, निरनिराळ्या हातांनी घडवलेले, एकमेकांशी जुळण्याचा आग्रह न धरणारे सामान मांडणे यात छंदिष्टपणा काही नाही. तो घरात राहणाऱ्याचा साधा हक्क आहे, आणि हा हक्क आपण कोणा भावी खरेदीदाराच्या नावे, त्याने मागितलेला नसतानाच, बिनबोभाट लिहून देऊन मोकळे झालो आहोत.

पांढऱ्या भिंतीवर सरसकट ठपका ठेवण्यापूर्वी तिची बाजू ऐकून घेणे न्यायाचे होईल, कारण एके काळी तिच्यापाशी सबळ कारणे होती. चुना स्वस्त होता, गावोगाव मिळत होता आणि त्याच्या दाहक गुणामुळे किडामुंगीचा व बुरशीचा काही अंशी बंदोबस्त होत असे. दसरा-दिवाळीपूर्वी घराला सफेदी करण्याची वहिवाट याच व्यावहारिक शहाणपणातून पडली, आणि ती सफेदी अधिक उजळ दिसावी म्हणून बादलीत चिमूटभर नीळ टाकण्याची युक्तीही घरोघरी ठाऊक होती. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला, तेव्हा घरे धुऊन काढण्याची आणि भिंतींवर चुना फासण्याची मोहीम सरकारी अंमलदारांच्या देखरेखीखाली चालली. पुढे १८९८ साली शहर सुधारणेसाठी स्वतंत्र ट्रस्ट स्थापन झाला, आणि मोकळी हवा, भरपूर उजेड व स्वच्छ भिंत ही आरोग्याची त्रयी नगररचनेच्या विचारात कायमची रुजली. ज्या पिढीने साथीत माणसे गमावली, तिला पांढऱ्या भिंतीत आश्वासन दिसले, यात नवल नाही.

युरोपात पांढऱ्या रंगाला असेच पाठबळ मिळाले, परंतु ते तत्त्वज्ञानाच्या वेषात. ल कॉर्ब्युझिए या वास्तुकाराने १९२५ साली सजावटकलेवर लिहिलेल्या पुस्तकात असे प्रतिपादन केले की, प्रत्येक नागरिकाने आपल्या घरातले नक्षीदार कागद आणि पडदे उतरवून भिंतींना रिपोलिन नावाच्या रंगाचा शुभ्र थर द्यावा, म्हणजे घराबरोबर मनही स्वच्छ होईल. आधुनिक घर म्हणजे पांढरे घर, ही समजूत जगभर पसरण्यात या विचाराचा वाटा मोठा आहे. मात्र त्याच कॉर्ब्युझिएने अवघ्या सहा वर्षांनी, म्हणजे १९३१ साली, एका स्विस कारखान्यासाठी भिंतीच्या कागदांकरिता ४३ छटांचा संग्रह सिद्ध केला, १९५९ साली त्यात आणखी २० छटांची भर घातली, आणि चंडीगढच्या उच्च न्यायालयाच्या प्रवेशद्वारी त्याने उभे केलेले प्रचंड स्तंभ हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या रंगांत आजही उभे आहेत. आपण गुरूचा पहिला उपदेश कंठस्थ केला आणि दुसरा ऐकण्यापूर्वीच वर्ग सोडला.

आजच्या फिकट भिंतीमागे ना प्लेग आहे, ना तत्त्वज्ञान. तिच्यामागे आहे तो दलाल. बांधकाम व्यावसायिक जी नमुना सदनिका सजवून ठेवतो, तिचे काम एवढेच असते की, येणाऱ्या शंभर गिऱ्हाइकांपैकी एकालाही तिथे काही खटकू नये. आणि कोणालाच काही खटकू नये अशा बेताने सजवलेल्या खोलीत कोणा एकाचे काही असू शकत नाही, हे ओघानेच आले. विक्रीच्या सोयीसाठी योजलेला हा तात्पुरता देखावा आपण राहत्या घराचा आदर्श म्हणून स्वीकारला, ही खरी चूक. ज्या घराचे हप्ते फेडण्यात उमेदीची वीस वर्षे खर्ची पडणार आहेत, ज्या घरात मुले लहानाची मोठी होणार आहेत आणि आईवडील म्हातारे होणार आहेत, ते घर वीस वर्षांनंतर कदाचित येणाऱ्या अज्ञात इसमाच्या पसंतीला उतरावे म्हणून आजपासूनच बेरंग ठेवायचे, हा जमाखर्च कोणत्याही कीर्दीत बसणारा नाही. तो इसम आलाच, तर आल्या दिवशी पहिल्याने रंगारीच बोलावणार आहे, हेही आपण सोयीस्करपणे विसरतो.

रंगीत भिंत म्हणजे परक्यांचे अनुकरण, असाही एक आक्षेप सुशिक्षितांच्या तोंडी असतो. त्याला उत्तर देण्यासाठी वाईजवळच्या मेणवलीला जावे. कृष्णाकाठी नाना फडणीसांचा वाडा आहे. मेणवली दफ्तरामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना हे गाव परिचित असतेच. परंतु राज्याचा हिशेब कवडी-कवडीने ठेवणाऱ्या त्या मुत्सद्द्याच्या वाड्यात भिंतींवर चित्रेही काढवून घेतलेली आहेत, आणि कागदपत्रांच्या रुमालांच्या शेजारी रंगांना जागा देण्यात त्याला काही विसंगत वाटले नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत शुभ्र रंग चर्चसाठी राखावा आणि राहत्या घरांनी निळा, पिवळा, तांबडा असा कोणता तरी रंग धारण करावा, असा संकेत होता. पणजीच्या फोंताइन्यस भागात फिरताना आजही त्याचे प्रत्यंतर येते.

मुंबईच्या कामगारवस्तीचे उदाहरण तर याहून जवळचे. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथे बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्याशा जागेत स्वयंपाक, अभ्यास, आजारपण, पाहुणे आणि रात्रीच्या सात-आठ पथाऱ्या यांची तजवीज करणाऱ्या माणसांनी भिंतींना बेधडक आकाशी, हिरवा, गुलाबी रंग दिला, त्यावर तसबिरी लावल्या, फळ्यांवर घासून लखलखीत केलेली पितळी भांडी मांडली, आणि खोली लहान दिसेल या भीतीने कोणी रंगाला नकार दिला नाही. आता त्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत आणि कुटुंबांना ५०० चौरस फुटांची सदनिका मिळण्याची योजना आहे. जागा तिपटीहून वाढते आहे, ही आनंदाचीच गोष्ट. तिथे गेल्यावर मागच्या आकाशी भिंतीची लाज वाटण्याचे मात्र काहीएक कारण नाही.

रंगांची सांगड घालण्याचे शास्त्रही आपल्याला बाहेरून आणावे लागणार नाही. कोणतीही जुन्या धाटणीची इरकल हाती घेऊन उजेडात पाहावी. अंग सुती, गडद निळे, जवळजवळ काळ्याकडे झुकणारे. काठ तांबूस, रुंद. पदर लालभडक आणि त्यावर पांढऱ्या धाग्याची वीण. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळा असून विणकर ते दोन्ही फासे घालून एकमेकांत गुंतवतात, त्यामुळे निळा जिथे संपतो आणि लाल जिथे सुरू होतो ती सीमारेषा स्पष्ट राहते. या साडीत रंग दोन-तीनच, पण एकमेकांच्या विरुद्ध उभे केलेले. मोठ्या क्षेत्रावर शांत आणि गडद रंग, कडेला त्याला आव्हान देणारा दुसरा, आणि एका टोकाला सगळा आवेश एकवटलेला. दिवाणखान्यासाठी याहून निराळा नियम कोणताही सजावटकार सांगणार नाही. मोठी भिंत गडद असावी, दारे-खिडक्यांच्या चौकटी तिच्या विरोधात जाव्यात, आणि एखादीच वस्तू अशी असावी की जी खोलीत शिरताक्षणी नजर खेचून घेईल.

जे इरकलच्या मागावर हाताने साधले होते, ते पॅरिसमध्ये एका रसायनशास्त्रज्ञाने नियमात बांधले. शेव्ह्रल हा गोब्लँ येथील सरकारी विणकामशाळेत रंगाई खात्याचा प्रमुख होता. तिथला काळा रंग फिका उतरतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने धागे तपासले तेव्हा रंगाईत दोष सापडेना. दोष निघाला तो शेजाराचा. काळ्याच्या बाजूला विणलेले निळे-जांभळे धागे त्याचा जोर हिरावून घेत होते. १८३९ साली त्याने या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि रंगाचे रूप त्याच्या शेजारच्या रंगावर अवलंबून असते, हा सिद्धान्त पुढे चित्रकारांच्याही उपयोगी पडला. आपल्या घरातील शिसवी खुर्ची निस्तेज दिसते, म्हणून आपण तिला पॉलिश करून घेतो, तरीही ती निस्तेजच राहते. कारण तिच्यामागची भिंत बदामी आहे आणि त्या भिंतीत ती खुर्ची विरघळून जाते. भिंत गर्द हिरवी करावी, म्हणजे त्याच जुन्या लाकडात दडलेली तांबूस झाक पॉलिशवाल्याला एक पैसा न देता वर येते.

रंग हा लोकांना दाखवण्यासाठी असतो, असे मानणाऱ्यांनी मेक्सिको नगरीतील लुईस बरागानचे घर लक्षात घ्यावे. १९४८ साली बांधलेल्या या घराची रस्त्याकडील बाजू इतकी साधी आणि अबोल की, जाणाराने दुसऱ्यांदा वळून पाहू नये. आत मात्र गुलाबी आणि पिवळ्या भिंती आहेत, आणि जिन्याच्या वळणावर सोनेरी पत्र्यासारखे एक चित्र असे लावलेले आहे की, वरून पडणारा उजेड त्यावर आपटून सगळ्या जिन्यात पसरतो. २००४ साली या घराला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. सोसायटीच्या नियमांमुळे आपल्याला बाहेरची भिंत हवी तशी रंगवता येत नाही, अशी कुरकुर करणाऱ्यांना या घराने परस्पर उत्तर देऊन ठेवले आहे: बाहेरची भिंत सोसायटीची, आतली तुमची.

आता सामानाविषयी. दुकानातून संचच्या संच उचलून आणण्याची रीत आपल्याकडे फार जुनी नाही. पूर्वी घरातली वस्तू एकेक करून येई: पलंग लग्नात, आरामखुर्ची आजोबांच्या निवृत्तीला, लोखंडी कपाट पहिल्या बोनसाला, झोपाळा जुना वाडा मोडताना आलेल्या वाट्यातून. त्यामुळे एकाच खोलीत शिसव, साग, लोखंड, वेत आणि पितळ सुखाने नांदत असत आणि प्रत्येक वस्तूची स्वतंत्र कैफियत सांगता येत असे. आजचा रिवाज असा की, नव्या घरात जाताना हे सारे 'मॅच होत नाही' म्हणून भंगारात काढायचे. पुनर्विकासाच्या करारनाम्यात चौरस फुटांचा, पर्यायी भाड्याचा आणि कॉर्पस निधीचा तपशील कलमवार नोंदलेला असतो. शिसवी पलंगाचे काय करायचे, याचे कलम त्यात नसते आणि मालकाच्या मनातही नसते. मग तोच पलंग मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात किंवा चोरबाजाराच्या मटण स्ट्रीटवर, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात, घासूनपुसून उभा राहतो, आणि ज्यांच्या घरी असा पलंग नव्हता अशी चोखंदळ माणसे तो चढ्या दराने घेऊन जातात.

निरनिराळ्या वस्तू एकत्र कशा नांदतात, याचा धडा इराण्याच्या हॉटेलात बसून घ्यावा. संगमरवरी माथ्याचे टेबल, भिंतीवर मोठे आरसे, काचेच्या बरण्या, आणि वाकवलेल्या लाकडाची ती हलकी, काळपट खुर्ची. या खुर्चीचे मूळ व्हिएन्नातील मिखाएल थोनेट याच्या कारखान्यात आहे. १८५९ साली त्याने जी चौदा क्रमांकाची खुर्ची बाजारात आणली, तिच्यात लाकडाचे तुकडे सहा, स्क्रू दहा आणि नट दोन, एवढाच ऐवज होता. वाफेवर मऊ करून वाकवलेल्या बीच लाकडाच्या अशा ३६ खुर्च्यांचे सुटे भाग एक घनमीटरच्या खोक्यात मावत, आणि म्हणून ती जहाजांतून जगभर गेली. पाठीला दोन कमानी, खाली गोल बैठक, त्याखाली पाय एकत्र बांधणारे एक कडे. याउपर तिच्यात काही नाही, आणि म्हणूनच ती संगमरवरी टेबलाशी जुळते, सागवानी मेजाशी जुळते आणि सावंतवाडीच्या चितार आळीत लाखेच्या रंगांनी रंगवलेल्या चौरंगाशेजारी ठेवली तरी परकी वाटत नाही. ज्या वस्तूचे काम चोख आहे आणि जिच्या अंगावर फुकटचा दिमाख नाही, तिला शेजाराची भीती नसते.

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे दादरचे घर मी या संदर्भात अनेकांना सांगतो. दिवाणखाना बेताचा, खिडकी एक आणि तीही पश्चिमेची. खिडकीसमोरची लांब भिंत त्यांनी डाळिंबी करण्याचे ठरवले, तेव्हा रंगारी चाचरला. "बाई, हॉलला हा रंग कोणी लावत नाही हो. एक हात मारून दाखवतो, मग ठरवा." बाई म्हणाल्या, "दोन हात मारा. नाहीच आवडला, तर तुम्हालाच परत बोलावते." आज त्या भिंतीपाशी त्यांच्या वडिलांची वेताची शिसवी आरामखुर्ची आहे, बंद पडलेल्या एका इराण्याकडच्या दोन खुर्च्या आहेत, मधोमध टेबलाऐवजी पोपटी रंगवलेली पत्र्याची ट्रंक आहे, जिच्यावर त्यांच्या आईच्या माहेरचे गाव पांढऱ्या अक्षरांत अजून वाचता येते, आणि कोपऱ्यात अगदी साधे, नव्या प्लायवुडचे पुस्तकांचे कपाट आहे, ज्याची फक्त आतली पाठ मोरपंखी आहे, म्हणजे पुस्तक काढले की रंग दिसतो. उरलेल्या तीन भिंती त्यांनी फिकटच ठेवल्या. दिव्याचा खांब, ट्रंकेची कडी आणि कपाटाच्या मुठी या तिन्ही ठिकाणी पितळ पुन्हा पुन्हा भेटते आणि ही सगळी विजोड मंडळी त्या एका धातूने बांधली जातात. दुपारी चारनंतर ऊन खिडकीतून थेट समोरच्या भिंतीवर येते आणि तिची तांबूस झळ छतापर्यंत चढते. त्या वेळी त्या घरात दिवा लावावा असे कोणालाही वाटत नाही.

यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की, वाटेल तो रंग फासावा आणि वाटेल ते सामान आणून ओतावे. सरमिसळ ही शिस्तीची मागणी करते, किंबहुना संचापेक्षा अधिक करते. पहिली गोष्ट उजेडाची. पश्चिमेच्या खिडकीतून येणारे तिरपे ऊन तांबड्या-पिवळ्या छटा पेटवते. उत्तरेच्या खिडकीतला उजेड बहुतेक वर्षभर थंड आणि स्थिर असतो, त्यात निळा अधिक निळा आणि राखी अधिक उदास दिसतो. म्हणून दुकानातल्या छटांच्या पुस्तकावरून निर्णय करू नये. त्याच भिंतीवर हात-दीड हाताचा पट्टा रंगवून घ्यावा आणि तो सकाळी, दुपारी व रात्री दिवे लावल्यावर असा तिन्ही वेळा पाहावा. निळसर पांढऱ्या ट्यूबलाइटखाली डाळिंबी तपकिरी वाटतो आणि पिवळसर दिव्याखाली तोच उजळतो, तेव्हा रंग बदलण्यापूर्वी दिवा बदलून पाहणे शहाणपणाचे. दुसरी गोष्ट भिंतीची. पावसाळ्यात जिथे ओल येते आणि पोपडे सुटतात, तिथे आधी गळतीचा बंदोबस्त करावा. गडद रंगावर पोपडा अधिक उठून दिसतो आणि भिंतीची प्रत्येक उंचसखल जागा उघडी पडते, म्हणून लांबी भरणे आणि पॉलिश पेपर मारणे यांत कसूर चालत नाही. तिसरी गोष्ट मापाची. जेवणाच्या टेबलाभोवती चार जातींच्या चार खुर्च्या खुशाल असाव्यात, पण त्यांच्या बैठकीची उंची सारखी, म्हणजे जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर, असावी. नाहीतर एकाची हनुवटी ताटाला लागेल आणि दुसऱ्याचे गुडघे टेबलाला. चौथी आणि शेवटची गोष्ट मोकळ्या जागेची. ठळक रंगाला श्वास घ्यायला रिकामी भिंत लागते, आणि जुन्या वस्तूला तिच्याभोवती फिरता येईल एवढे अंतर.

भाडेकरूंची अडचण खरी आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला मालक खिळा ठोकू देत नाही, तर रंगाची बात दूरच. परंतु भिंत मालकाची असली, तरी सतरंजी, पडदे, गोधडी, अभ्रे आणि खुर्ची ही भाडेकरूची जंगम मालमत्ता आहे. लालभडक सतरंजी आणि निळी रंगवलेली एक खुर्ची एवढ्या भांडवलावरही फिकट खोलीचा नूर पालटतो, आणि बिऱ्हाड हलवताना हा रंग गुंडाळून बरोबर नेता येतो.

लहान खोली गडद रंगाने आकसते, या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. उजेड मुळातच तोकडा असेल आणि चारही भिंती काळवंडून टाकल्या, तर खोली कोंदट होईल, यात शंका नाही. पण आपल्या खोल्या आकसतात त्या बहुतांशी सामानाच्या अवाढव्य आकारामुळे. दहा बाय बाराच्या खोलीत इंग्रजी एल अक्षरासारखा सोफा कोंबून भिंती पांढऱ्या ठेवणाऱ्याने जागेची बचत केली, असे म्हणता येत नाही. रंगाचा कंटाळा येईल, हा आक्षेपही असाच तपासून घ्यावा. कंटाळा येतो, हे मान्य. पण फिकट भिंतीचाही येतोच, फक्त तो इतक्या सावकाश येतो की, त्याचे कारण आपण कामाच्या रगाड्यात, रहदारीत आणि वयात शोधत बसतो.

१९४२ साली, युद्धामुळे परदेशी मालाची आवक आटलेली असताना, गिरगावात चार मित्रांनी रंगाचा एक छोटा कारखाना सुरू केला आणि त्यातून एशियन पेंट्स ही कंपनी उभी राहिली. त्या काळी डब्यात मिळेल त्या रंगावर समाधान मानावे लागे. आज कोपऱ्यावरच्या दुकानातले यंत्र हजाराहून अधिक छटा डोळ्यांदेखत घोटून देते. निवड इतकी विस्तारली असताना आपण त्यातल्या तीन-चार फिकट छटांपलीकडे बोट ठेवू नये, याला रसिकता म्हणता येणार नाही आणि काटकसर तर त्याहून म्हणता येणार नाही. कारण रंग पांढरा लावला काय नि जांभळा लावला काय, खरवडणे, लांबी, प्रायमर आणि मजुरी यांचा खर्च तोच पडतो. गडद रंगाला फार तर एखादा हात जास्त लागेल.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. येत्या दसऱ्याला रंगाऱ्याला बोलावाल, तेव्हा दलालाचे मत विचारू नका आणि शेजारच्या दिवाणखान्यात डोकावू नका. घरातल्या माणसांना एकत्र बसवा, आजीच्या ट्रंकेतली एक साडी मध्ये ठेवा आणि तिच्या काठावरून एका भिंतीचा रंग ठरवा. माळ्यावर टाकलेली खुर्ची खाली काढून त्या भिंतीपाशी ठेवा आणि वर्षभर राहून पाहा. घर सजवताना घेतल्या जाणाऱ्या सगळ्या निर्णयांत भिंतीचा रंग हा सर्वांत स्वस्तात फिरवता येणारा निर्णय आहे: नाही रुचला, तर प्रायमरचा एक आणि पांढऱ्याचे दोन हात दिले की, दोन दिवसांत भिंत पूर्ववत होते.